वाजविणारे हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. चारचौघींत उभे राहून बोलण्याची सवय नाही; त्यापेक्षा शंभर पोळ्या लाटायला सांगितल्या असत्या तर बरे झाले असते. पण वर्षभर आपल्या भजनाचे फोटो मी काढते, म्हणून चिटणीसबाईंनी हा विषय माझ्या गळ्यात घातला. तेव्हा चार शब्द सांगते.

माझ्या सासूबाई तीस वर्षे भजनात पेटी वाजवीत. त्या गेल्यावर फोटो शोधला, तर एकच निघाला. दोन्ही खांद्यांवरून पदर, चेहरा कडक, हात मांडीवर. धाकट्याने विचारले, "आई, आजी पेटी कशी वाजवायची?" मला तोंडानेच सांगावे लागले. वाजवायला बसल्या की उजव्या हातातल्या बांगड्या त्या वर सारीत, सुरांत किणकिण नको म्हणून. डाव्या हाताने भाता असा हलवीत, की निजलेल्या मुलाला थोपटीत आहेत असे वाटे. घरात त्या फार कडक. माया होती ती त्या हातात. ती फोटोत आली नाही, ही चुटपुट मला अजून आहे.

तेव्हापासून मी वाजविणाऱ्यांचे हातच पाहू लागले. फोटो म्हटला की माणूस चेहरा सावरतो. पण वाजविताना हात सावरायला सवड नसते. सारंगीवाले तारा नखाच्या मुळाशी दाबतात, तेथे घट्टे पडतात. सतारवाल्यांच्या डाव्या बोटांवर तारेच्या रेघा उमटतात. वर्षानुवर्षांचा रियाज तेथे दिसतो. पंडित भीमसेन जोशी तर गायक. पण तान घेताना त्यांचे हात असे फिरत, की सूर कोठून तरी ओढूनच आणीत आहेत!

दयानिता सिंग या आज मोठ्या छायाचित्रकार आहेत. अहमदाबादला विद्यार्थिनी असताना त्या तबलानवाज झाकिर हुसेन यांचे फोटो काढायला गेल्या, तर आयोजकांनी अडविले. पण झाकिरजींनी त्यांना फोटो काढू दिले. पुढे सहा हिवाळे त्या त्यांच्याबरोबर हिंडल्या आणि १९८६ साली त्या फोटोंचे पुस्तक निघाले. झाकिरजी २०२४ च्या डिसेंबरात गेले, फोटो राहिले. एका बैठकीत माणूस कळत नाही, हे मी यावरून शिकले.

माझी रीत साधी आहे. आधी विचारते. पहिल्या भजनाला मोबाईल पिशवीतच ठेवते. दुसऱ्या भजनाला बायका मला विसरतात. फ्लॅश लावीत नाही. खिडकीचा उजेड बोटांवर पडेल अशी बसते. तबला दुगुनीत गेला की हात पुसट येतो. म्हणून तिहाई संपून समेवर हात क्षणभर टेकतो, त्याची वाट पाहते.

आपल्यातल्या एक वडीलधाऱ्या भगिनी टाळ वाजवितात. त्या म्हणाल्या, "माझे हात नको ग काढू, भांडी घासून पार गेलेत." मी काढले नाहीत. पुढे एका एकादशीला आपणच म्हणाल्या, "काढ एकदाचे." बोटांना गुंडाळलेली टाळाची दोरी, भेगा, मनगटावर तव्याचा डाग, सारे फोटोत आले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अगबाई, हे तर माझ्या आईचे हात." आणि लेकीला पाठवायला एक प्रत मागून घेतली.

भगिनींनो, स्मरणिकेत दरवर्षी आपला रांगेतला फोटो छापतात. तो छापावाच. पण पुढच्या वर्षी त्याच्याशेजारी पेटी, तबला, टाळ वाजविणारीच्या हातांचा एकेक फोटो असावा, खाली तिचे नाव असावे, एवढी माझी विनंती आहे. माझ्या सासूबाईंचा राहून गेला. तुमच्यापैकी कोणीचा राहू नये.