बाटलीभर खारे पाणी



बंदरावर मासळीचा लिलाव आटोपला की जमीन धुऊन काढतात. खवले, रक्त, टोपल्यांतले धुवण, सगळे वाहत पुन्हा समुद्राला मिळते. आपण हे रोज बघतो आणि पुढे जातो. पण असल्या साध्या गोष्टीकडे शास्त्रज्ञाला दुर्लक्ष करून चालत नाही. का, ते आज सांगणार आहे.

मासा पाण्यात नुसता पोहला तरी आपली खूण मागे ठेवतो. अंगावरचा बुळबुळीत थर, गळलेले खवले, विष्ठा यांतून त्याच्या पेशी पाण्यात मिसळत असतात. या पेशींत डीएनए नावाचे द्रव्य असते. त्याची रचना जातीजातीला वेगळी असते. बांगड्याची निराळी, सुरमईची निराळी. तेव्हा पाण्यातला हा अंश गोळा करून तपासला, तर जाळे न टाकता आणि एकही मासा न मारता तिथे कोणकोण वावरते, याचा अंदाज येतो. डेन्मार्कमधील हेलसिंगोरजवळच्या सामुद्रधुनीतले अर्धा अर्धा लिटर पाणी असे तपासून संशोधकांनी १५ जातींचे मासे ओळखले. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले.

जपानात मायझुरू नावाचा उपसागर आहे. तिथे जून २०१४ मध्ये ४७ ठिकाणचे पाणी घेतले आणि त्यातून माशांच्या १२८ जातींचा माग लागला. पाण्याखाली उतरून १४ वर्षे पाहणी करणाऱ्यांना ज्या जाती दिसल्या होत्या, त्यांतल्या पुष्कळ यात होत्या. शिवाय त्यांना कधीच न दिसलेल्याही काही निघाल्या. पण गंमत पुढेच आहे. बाजारात नेहमी खपणाऱ्या एका माशाचा डीएनए घाऊक मासळीबाजाराजवळच्या पाण्यात फार सापडला. तिथे त्या माशांचे थवे होते म्हणून का? छे! तो अंश बाजारातल्या मेलेल्या मासळीचा असावा, असे संशोधकांनी ताडले आणि ती ठिकाणे हिशेबात वेगळी धरली. बाजार जवळ आहे, हे त्यांनी टिपून ठेवले नसते, तर मेलेला मासा जिवंत म्हणून नोंदला गेला असता!

म्हणून या कामात यंत्रापेक्षाही पाणी घेणाऱ्याच्या हाताला महत्त्व आहे. दुपारी बांगड्याचे कालवण जेवून कुणी त्याच बोटांनी बाटली उघडली, तर कागदावर बांगडा हजर होईल. यासाठी बाटल्या आधी ब्लीचने धुतात आणि मग स्वच्छ पाण्याने पुष्कळदा खळबळून घेतात. प्रत्येक ठिकाणी नवे हातमोजे घालतात. पाण्यात उतरावे लागलेच, तर प्रवाहाकडे तोंड करून उभे राहतात. म्हणजे पायांनी ढवळलेला गाळ मागे जातो. एका ठिकाणचे पाणी एकदाच न घेता बहुधा तीनदा घेतात. भरती होती की ओहोटी, वेळ कोणती, जवळ नाला किंवा बाजार आहे का, हे तिथल्या तिथेच लिहून ठेवतात.

मग बाटली बर्फात, उन्हाआड ठेवायची. डीएनए पाण्यात फार टिकत नाही. काही दिवसांत त्याचा माग पुसतो. म्हणून होईल तितक्या लवकर, शक्यतो त्याच दिवशी, पाणी गाळतात. गाळणकागदाची छिद्रे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असतात, त्यामुळे पाणी पंपाने ओढावे लागते. आपल्या खाड्यांसारखे गढूळ पाणी असले की कागद लवकर तुंबतो. अशा वेळी रेटू नये. दोन-तीन कागदांवर वाटून गाळावे. मग कागद स्वच्छ चिमट्याने उचलून अतिथंड पेटीत किंवा मद्यार्कात ठेवतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात.

आणखी एक बाटली असते, तिला कोरी बाटली म्हणू या. तिच्यात समुद्राचे पाणी नसतेच, शुद्ध पाणी असते. तेही अगदी त्याच रीतीने गाळतात. त्या कागदावर मासा निघाला, तर तो समुद्रातला नव्हे, आपल्या हातचा!

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना हे वर्गात दाखवता येईल. एका मुलाच्या बोटांना हळद लावा, दुसऱ्याचे हात धुवायला सांगा. दोघांनाही स्वच्छ पाणी पांढऱ्या कागदातून गाळू द्या. पाणी एकच, पण एका कागदावर पिवळे डाग उमटतील. मुलांना वेगळे काही सांगावे लागणार नाही. हे मुलांच्या आवाक्याबाहेरचे कामही नव्हे. युनेस्कोने २०२२-२३ मध्ये २१ सागरी वारसास्थळी असे नमुने जमवले, त्यात शाळकरी मुलांनीही पाणी गाळले होते.

आता तुम्ही म्हणाल, मग कोळीदादांना विचारायचे कारणच उरले नाही! तसे नाही, बरे का. हा कागद मासे किती आहेत ते नेमके सांगत नाही. ते लहान की मोठे, गाभोळीचे की कसे, हेही सांगत नाही. प्रवाह दुसरीकडचा अंश इथे आणून टाकतो, तोही त्याला ओळखता येत नाही. आणि ज्या माशाची नोंद आधीच्या संग्रहात नाही, त्याचे नाव यंत्राला सांगता येत नाही. तिथे हातात धरलेला मासा आणि त्याला ओळखणारा माणूसच लागतो.

खाडीतली एखादी जात नाहीशी झाली का, याचा निवाडा उद्या अशा बाटलीवरून व्हायचा असेल, तर त्यावर पोटे अवलंबून असणाऱ्यांनी इतके तरी विचारावेच: पाणी कुणी, कुठे, केव्हा घेतले? आणि कोऱ्या बाटलीत काय निघाले?