कंसाचें टोपणनांव

माझ्या मातोश्रींच्या जात्यावरील ओव्यांची एक लहानशी पुस्तिका गेल्या वर्षीं मीं घरींच जुळविली. खिळे जुळविले नाहींत. संगणकावर 'टेक्' या अक्षरजुळणीच्या भाषेंत आज्ञा लिहिल्या. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें न रुचल्यामुळें डॉनल्ड कनूथ या अमेरिकन पंडितानें ही भाषा १९७८ सालीं सिद्ध केली.

या भाषेंत महिरपी कंस म्हणजे घराचा उंबरठा. आंत 'टाइप लहान करा' म्हटलें, तर बंद कंसापाशीं तो हुकूम संपतो व पूर्वीचा टाइप परत येतो. ओव्या मोठ्या टाइपांत व त्यांखालील शब्दार्थाच्या टीपा लहान टाइपांत, असा माझा बेत होता. त्यासाठीं दोन आज्ञा घडवून पहिलींत उघडा कंस आणि दुसरींत बंद कंस घालूं लागलों, तों यंत्रानें नकार दिला. आज्ञेची व्याख्या वाचतांना तें कंस मोजतें; उघडे व बंद सारखे झाल्याखेरीज व्याख्या पुरी झाली असें मानीत नाहीं. पुढें एका परिचिताच्या मजकुरांत 'बीग्रुप' व 'ईग्रुप' हे शब्द दिसले. नवशिक्यांच्या पुस्तकांत ते बहुधा नसतात. मीं ते अर्थ न समजतां उतरून घेतले. वर्गांत याबद्दल मीं छडी उगारली असती!

हीं कंसांचीं केवळ टोपणनांवें आहेत. मोजणींत तीं धरलीं जात नाहींत, म्हणून दोन व्याख्यांत वांटतां येतात. काम मात्र कंसाचेंच. त्यामुळें बीग्रुपनें उघडलेला गट साधा कंसही मिटवूं शकतो. 'बिगिनग्रुप' व 'एंडग्रुप' ही जोडी निराळी. ती एकमेकांनाच ओळखते. मध्यें भलताच बंद कंस आला कीं यंत्र तेथेंच अडतें. गणितांतही भेद आहे. बरोबरीचें चिन्ह कंसांत वा बीग्रुपांत ठेवलें, तर तें साधें अक्षर ठरून दोहों बाजूंची जागा जाते. बिगिनग्रुपांत ती राहते.

आतां माझी चूक सांगतों. १४ व्या पानावर एक टीप मिटवावयाची राहिली. यंत्र थांबलें नाहीं. गट उघडाच राहिल्याची एक ओळ तेवढी त्यानें नोंदीच्या शेवटीं लिहिली. ती मीं वाचली नाहीं. ४० प्रती छापून आल्या, आणि तेथून पुढें आईच्या साऱ्या ओव्या टीपांएवढ्या बारीक! माझी मावशी ८७ वर्षांची. तिनें चवदा पानें वाचलीं, चष्मा काढला व म्हणाली, "पुढचें तूंच वाचून दाखव रे."

त्यानंतर टीपांसाठीं मीं 'लाटेक्'च्या रीतीची, नांव दिलेली आरंभ-अंताची जोडी केली. तिच्या पोटांत बिगिनग्रुपच असतो. शिवाय अंताचें नांव आरंभाशीं जुळलें नाहीं, तर यंत्र ओळीच्या क्रमांकासह तक्रार करितें. दुसरी छपाई २५ प्रतींची आहे. मावशीची प्रत पुढल्या आठवड्यांत यावयाची. या खेपेस नोंद मीं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आहे.