पलटणीतील नावे कोणी लिहावीत?

(हिर्डोशी येथील भाषण)



आपले हे हिरडस मावळ. १६६० साली घोडखिंडीत बांदलांचे मावळे पडले. त्यांतील किती जणांची नावे आम्हांस ठाऊक आहेत? १७६८ साली मुंबईस कंपनी सरकारने उभारलेली पलटण ही मराठा लाइट इन्फंट्रीची मूळ पलटण. १९१५-१६ साली कुत-अल-अमाराच्या वेढ्यात ११० व ११७ नंबरच्या मराठा पलटणी पाच महिने उपासमारीत झुंजल्या. १९४४ साली इटलीत नाईक यशवंत घाडगे यांनी देह ठेवला. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पश्चात मिळाला. मात्र इंग्रज सरकारने १८९२ च्या सुमारास महार बांधवांस भरतीचे दार लावले. शौर्याला जात चिकटवणारे ते कोण? बंदूक आमच्या हाती होती, लेखणी दुसऱ्याच्या. म्हणून नावे बुडाली. तरी घरोघरचे पलटणीचे कागद जपा, मुलामुलींस शिकवा आणि आपला इतिहास आपणच लिहा.