एका माळेचे मणी, तरी वेगवेगळे

नंदाखालच्या आमच्या बचतगटातून बोलतोय.

आमच्यातल्या एका ताईंनी लेकीच्या कॉलेजच्या फीसाठी पाटल्या गहाण ठेवल्या. सराफाने कसोटीवर घासून कस सांगितला. बैठकीत लेक म्हणाली, "तारे तर हाताला लागत नाहीत, मग त्यांचा कस कसा काढतात?" उत्तरही तिनेच शोधून आणलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

ताऱ्याचा उजेड दुर्बिणीत घेऊन इंद्रधनुष्यासारखा पसरवतात. त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. लोखंडाच्या रेषा वेगळ्या, कॅल्शियमच्या वेगळ्या. त्यांवरून ताऱ्यात काय आणि किती आहे, ते कळतं.

आपल्या आकाशगंगेच्या आसपास ताऱ्यांची छोटी कुटुंबं आहेत. त्यांना बटू दीर्घिका म्हणतात. रेटिक्युलम-दोन ही त्यातलीच एक, २०१५ साली सापडलेली. तिचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे १ लाख वर्षं लागतात. ॲलेक्झांडर जी, ॲना फ्रेबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे ९ तारे तपासले. २०१६ मध्ये निष्कर्ष आला: ७ ताऱ्यांत युरोपियमसारखी जड द्रव्यं भरपूर, उरलेल्या २ ताऱ्यांत ती दिसलीच नाहीत.

एकाच घरात एवढा फरक का? तारे वायूच्या ढगातून जन्मतात. मरताना पोटात शिजलेलं ते ढगात टाकतात, आणि पुढची पिढी ते घेऊन जन्मते. ते २ तारे आधीचे असावेत. त्यानंतर एकच मोठी घटना घडली, बहुधा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर. न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठा तारा मेल्यावर उरलेला, अतिशय दाबलेला गाभा. भांडं लहान, म्हणून एका चिमटीची चव सगळीकडे लागली.

अशा टकरीत सोनंही तयार होतं. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशी एक टक्कर शास्त्रज्ञांनी टिपली. पुढे आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीनेही तिचा वेध घेतला.

म्हणजे ताईंच्या पाटल्यांतलं सोनं सूर्याहूनही जुनं! हे ऐकून ताई हसल्या, पण व्याज काही थांबत नव्हतं. मग गटाने ठराव केला, अंतर्गत कर्ज दिलं आणि पाटल्या सोडवून आणल्या. हप्ते आता गटात येतात, कमी व्याजाने. लेक कॉलेजात जाते.

तुमच्या गटातही एखादी मुलगी असे प्रश्न विचारत असेल. तिला गप्प बसवू नका.