पेसमेकर आणि मूर्च्छा

आखाजीच्या सुमारास चोपड्याचें ऊन कसें भाजून काढतें, हें खानदेशांत कोणास सांगावयास नको. अशा दिवसांत एखादे वृद्ध गृहस्थ ओट्यावरून उठतांच भोवळ येऊन पडतात. त्यांच्या छातींत पेसमेकर असला म्हणजे घरांत दोन तर्क निघतात. "यंत्र बिघडलें," असें एक म्हणतो, "यंत्र आहे, मग काळजी कसली?" असें दुसरा. दोन्ही तर्क घाईचे होत.

शरीरांत संपूर्ण बसविलेला पहिला पेसमेकर १९५८ सालीं स्टॉकहोम येथें आर्ने लार्सन यांस मिळाला. हृदयाची गति मंदावून त्यांस वारंवार मूर्च्छा येत असे. यंत्रें वेळोवेळीं बदलून ते २००१ पर्यंत जगले. परंतु या यंत्राचें काम एवढेंच कीं, नाडी फार मंदावूं द्यावयाची नाहीं. रक्तदाब सांभाळणें त्याच्या हातीं नाहीं. ठोके नियमित असूनहि उन्हानें अंगांतील पाणी आटलें, औषधांनीं रक्तदाब फार उतरला किंवा रक्तवाहिन्या एकाएकीं सैलावल्या, तर मेंदूस रक्त कमी पडतें व शुद्ध हरपते.

म्हणून निदानाचा आरंभ हकीगतीपासून होतो. रोगी उभा होता कीं बसलेला? आधीं घाम, मळमळ, डोळ्यांपुढें अंधारी आली काय? बसल्या वा निजल्या जागीं, कांहींहि सूचना न होतां शुद्ध गेली, तर हृदयाच्या गतीविषयीं संशय बळावतो. नंतर रक्तदाब निजवून व उभें करून मोजतात; उभें राहिल्यावर तीन मिनिटांच्या आंत वरचा आंकडा २० किंवा अधिक उतरला, तर कारणाचा धागा सांपडतो. त्याबरोबरच ईसीजी व यंत्राची तपासणी होते. छातीवर, कातडीबाहेरून, एक उपकरण ठेवलें कीं बॅटरीची शक्ति, तारेची स्थिति आणि यंत्रानें नोंदलेली अतिजलद धडधड कळून येते. अशी धडधड साधा पेसमेकर थांबवूं शकत नाहीं, हें लक्षांत ठेवावें. एवढ्यानेंहि उलगडा न झाल्यास रोग्यास कलत्या मेजावर पट्ट्यांनीं बांधून, मेज हळूहळू उभें करीत, नाडी व रक्तदाब पाहतात.

पडलेल्यास घाईनें उठवून बसवूं नये. आडवें ठेवून पाय उंच करावे. शुद्ध लवकर न आल्यास वा श्वास नीट नसल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध आली तरी त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. त्यासाठीं जळगावीं जावें लागलें तरी आळस करूं नये. गोळ्या आपल्या मनानें बंद करूं नयेत. सोबत पेसमेकरचें कार्ड, औषधांची यादी आणि पडतांना ज्यानें पाहिलें तो माणूस असावा. त्याचे दोन शब्द पुष्कळदां महागड्या तपासणीहून अधिक सांगून जातात.