कुलूप आपलं, नाकाबंदी सगळ्यांची

(मंडळाच्या सभागृहात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दर वर्षी संतसाहित्य, आरोग्य, आयकर अशा विषयांवर जाणकार मंडळी बोलतात. या वेळी कार्यकारिणीने आम्हाला उभं केलं आणि विषय दिला गाडीचोरीचा. सुरुवातीलाच सांगतो, आम्ही पोलीस नाही आणि आरटीओतही नाही. पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि गेली वीस-बावीस वर्षं राज्य सरकारच्या एका खात्याच्या वर्कशॉपमध्ये सरकारी गाड्यांची तपासणी आणि दुरुस्ती पाहतो आहोत. या विषयावर बोलायचा आमचा अधिकार एवढाच, की सगळं आयुष्य गाड्यांत काढूनही आमची स्वतःची गाडी चोरीला गेली.

गोष्ट २०१४ सालची. अनंत चतुर्दशीची रात्र. आपल्या इंदूरमध्ये त्या रात्री मिलच्या झांक्या निघतात आणि अख्खं शहर रस्त्यावर येतं, हे तुम्हाला सांगायला नको. राजवाड्याकडचे रस्ते बंद, म्हणून गाडी लांब एका अंधाऱ्या गल्लीत लावली. मुलं मागे लागली होती, "बाबा, चला ना, झांकी निघून जाईल." गिअर लॉक सीटखालीच होतं. म्हटलं, तासाभरात तर येतो, कशाला लावायचं? पहाटे दोन वाजता परत आलो, तर गाडीच्या जागी काचेचा थोडा चुरा पडला होता.

रात्रीच थाण्यात गेलो आणि रिपोर्ट लिहिला. पुढचे पाच महिने काही पत्ता नाही. खात्मा रिपोर्ट लागणार, विम्याचे काय मिळतील ते घ्यायचे, अशी मनाची तयारी झाली होती. आणि एक दिवस फोन आला. झाबुआकडच्या रस्त्यावर रात्रीच्या नाकाबंदीत एक गाडी अडवली होती. नंबर वेगळा, कागद पूर्ण, चालवणाराही सज्जन. पण एका आरक्षकाने टॉर्च मारली, तेव्हा मागच्या छोट्या तिकोनी काचेवर त्याला कोरलेले आकडे दिसले आणि ते कागदांवरच्या नंबराशी जुळेनात.

ते आकडे आमच्या गाडीच्या चॅसी नंबरचे शेवटचे सहा. वर्कशॉपमधल्या एका जुन्या उस्तादांनी कधीतरी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या काचांवर कोरून दिले होते. चोरांनी नंबर प्लेट बदलली, चॅसीवरचा नंबर घासून दुसरा ठोकला, दारांच्या काचाही बदलल्या. ती एक छोटी काच तेवढी राहून गेली.

आता मंडळी, चोर पकडले गेल्यावर दोन गोष्टी कळल्या. त्या सांगण्यासाठीच आज आम्ही उभे आहोत.

पहिली गोष्ट सांगायला लाज वाटते. आमच्या खाजगी गाडीच्या प्लेटवर आम्ही वर लाल अक्षरात "म. प्र. शासन" लिहून घेतलं होतं. गाडी शासनाची नव्हती, नोकरी शासनाची होती! पण चेकिंगला कोणी थांबवत नसे आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. चोरांनी जबाबात सांगितलं, की त्या रात्री शहराबाहेर पडताना एका नाक्यावर चेकिंग चालू होतं. त्यांनी आमचीच प्लेट लावून गाडी पुढे काढली आणि कोणी हात दाखवला नाही. म्हणजे आमची गाडी चोरांनी आमच्याच रुबाबावर बाहेर नेली.

दुसरी गोष्ट त्या सज्जन माणसाची. तो एका खेड्यातला शाळामास्तर. बायकोचे दागिने मोडून त्याने एक लाख साठ हजारांना ती गाडी घेतली होती. बाजारभावापेक्षा चाळीस हजार कमी. गाडी सोडवायला आम्ही कोर्टात गेलो तेव्हा तोही आला होता. एवढंच म्हणाला, "कागज तो सब थे, साहब." कोर्टाने फोटो काढून, हमी लिहून घेऊन सुपुर्दनाम्यावर गाडी आमच्या ताब्यात दिली. त्याला काही मिळालं नाही. चोराकडून घेतलेल्या मालाची मालकी मिळत नाही, हा कायदा आहे. पैसे मागायचे तर चोराकडे, आणि त्याच्या खिशात काय उरलेलं असणार? आम्ही गाडी घेऊन घरी आलो आणि तो बसने गेला.

त्याच्याकडचे कागद खरेच होते. फक्त ते वेगळ्या गाडीचे होते. अपघातात चुराडा झालेली गाडी तिच्या मालकाने भंगारवाल्याला विकली आणि सोबत आरसीही देऊन टाकली. चोरांना हवा असतो तो हाच कागद. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी उचलायची, भंगारातल्या गाडीचा नंबर तिच्यावर ठोकायचा, की चोरीची गाडी कागदावर जिवंत होते. मोटार वाहन कायद्याचं ५५ वं कलम म्हणतं, की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची. आपल्यापैकी किती जणांनी हे केलं आहे? भंगारवाला कागदासह दोन हजार जास्त देतो, तेव्हा ते दोन हजार कशाचे, हे विचारायला हवं.

आता कुलपांकडे येऊ, कारण प्रश्न बहुतेक त्यावरच येतात. आमच्या वर्कशॉपमध्ये म्हणतात, कुलूप चोराला थांबवत नाही, पुढच्या गाडीकडे पाठवतं. चोराला वेळ कमी असतो. त्याला जिथे पाच मिनिटं जास्त लागणार, तिथे तो थांबत नाही. म्हणून बाहेरून दिसणारं गिअर लॉक किंवा स्टिअरिंग लॉक जरूर लावा, आणि दहा मिनिटांसाठी जात असलात तरी लावा. नव्या गाड्यांत इमोबिलायझर असतो. किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. पण स्टिअरिंगखाली मेकॅनिक जिथे स्कॅनर लावतो, त्याच सॉकेटमधून चोर नवी किल्ली जुळवून घेतात. त्या सॉकेटवर लावायचं कुलूप मिळतं.

बटन दाबून चालू होणाऱ्या गाड्यांची तऱ्हा वेगळी. एक जण तुमच्या दाराशी यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. घरातल्या किल्लीचा सिग्नल गाडीपर्यंत पोहोचतो आणि गाडीला वाटतं, मालकच आला. म्हणून अशी किल्ली दाराजवळच्या खुंटीवर ठेवू नका. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि डबा हातात धरून गाडीजवळ जाऊन बघा. दार उघडलं, तर डबा बदला. जीपीएस लावा, पण तो कुठे बसवला आहे हे चारचौघांत सांगत बसू नका. पेट्रोल पंपाची वायर तोडणारं एक छुपं बटन चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेता येतं. मात्र गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

विम्याचं थोडक्यात सांगतो. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक पैसाही मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी पॉलिसीवर लिहिलेली किंमतच मिळते, आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ती नव्या गाडीच्या निम्म्यावर आलेली असते. क्लेमच्या वेळी कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, म्हणून दुसरी किल्ली कुठे आहे ते आज घरी जाऊन बघा. चोरी झाली तर त्याच दिवशी पोलिसांत आणि विमा कंपनीत कळवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे रिपोर्ट कोणत्याही थाण्यात लिहून घ्यावा लागतो. "हा आमचा भाग नाही" असं म्हणून परत पाठवता येत नाही.

पण मंडळी, आमच्या कुलपाने चोर पुढच्या गाडीकडे गेला, तर ती पुढची गाडी कोणाची? ती याच सभागृहातल्या कोणाची तरी. म्हणून कुलूप ज्याचं त्याचं, आणि नाकाबंदी सगळ्यांची. चोराला गाडी उचलून भागत नाही, ती रस्त्यावरून न्यावी लागते आणि कोणाला तरी विकावी लागते. त्याला अडवायच्या जागा याच दोन, आणि दोन्हीकडे आपण असतो.

चेकिंगला गाडी थांबवली तर रात्री आतला दिवा लावा, काच खाली करा, कागद दाखवा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद नियमाने चालतात. गणवेशातल्या अधिकाऱ्याने विचारलं तर दाखवणं आपलं कर्तव्य आहे. कोणी उगाच अडवून पैसे मागितले तर त्याची तक्रार जरूर करा. पण थांबवलं म्हणून लगेच ओळखीच्या साहेबांना फोन लावू नका. आम्हीही असे फोन लावलेले आहेत. ती गाडी गेल्यापासून लावत नाही, आणि प्लेटवर फक्त नंबर असतो. आता हाय सिक्युरिटी प्लेट आली आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती कंपनीकडूनच लागून येते. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक असतो, आणि तिचं लॉक एकदा काढलं की परत बसत नाही. तुमची जुनी गाडी असेल तर तीही बदलून घ्या.

जुनी गाडी घेताना कागद आणि लोखंड जुळवून बघा. चॅसी नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात. आकडे वाकडे, कमी-जास्त खोल किंवा आजूबाजूला नवा रंग दिसला, तर तिथूनच परत फिरा. वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या सेवेत गाडी चोरीच्या यादीत आहे का, तेही बघता येतं. आधी अपघाताचा मोठा क्लेम झाला होता का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. भाव फार कमी असेल तर आनंद मानू नका, कारण विचारा. त्या मास्तरला चाळीस हजारांची बचत एक लाख साठ हजारांना पडली.

गाडी विकताना २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरल्याशिवाय किल्ली देऊ नका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की आरसीवर ज्याचं नाव, कायद्याने मालक तोच. तुम्ही विकलेल्या गाडीने उद्या अपघात केला, तर भरपाईची नोटीस तुमच्याच दारी येईल.

बोलणं पुष्कळ झालं. आता थोडं काम करू. येत्या रविवारी सकाळी नऊपासून आम्ही वर्कशॉपमधले दोन मित्र घेऊन मंडळाच्या अंगणात बसणार आहोत. ज्यांना काचांवर नंबर कोरून हवा असेल त्यांनी गाडी आणि आरसी घेऊन या. पैसे नाहीत, चहा मंडळाचा. आणि हो, मागची छोटी काच आम्ही विसरणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!