लिबरेटरची इंजिनं आणि चिकलठाण्याचा उन्हाळा

सिम्युलेटरवर दुसऱ्या महायुद्धातली बॉम्बर विमानं उडवणारे बरेच जण आपल्या शहरात आहेत, आणि त्यांची तक्रार बहुतेक एकच असते: चिकलठाणा विमानतळावरून उडालो, चार-पाच मिनिटं चढलो आणि एका इंजिनातून धूर यायला लागला. आज त्याबद्दलच बोलू या.

उदाहरणाला मी बी-२४ लिबरेटर घेतो, कारण ते आपल्या हवाई दलाचंही विमान होतं. युद्ध संपल्यावर कानपूरला मोडून टाकलेली लिबरेटर हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी पुन्हा उभी केली. चाचणी वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी ती एकेक करून बंगळुरूला उडवत नेत. पुढे सहाव्या स्क्वाड्रनची लिबरेटर पुण्याहून सागरी टेहळणीला जात. १९६८ साली ती निवृत्त झाली.

या विमानाला प्रॅट अँड व्हिटनीची चार इंजिनं. प्रत्येकात १४ सिलिंडर, दोन रांगांत गोलाकार मांडलेले. रेडिएटर नाही, थंडावा मिळतो तो समोरून येणाऱ्या हवेचा आणि थोडा तेलाचा. मागच्या रांगेला हवा पोचते ती पुढच्या रांगेवरून तापून आलेली. कन्नडचा घाट पहिल्या गिअरमध्ये चढणारा ट्रक आठवा. इंजिन पूर्ण जोर लावतंय आणि वारा मात्र लागत नाही. नाक वर करून हळू चढणारं विमान नेमकं याच अवस्थेत असतं.

त्यात आपली हवा. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की तिथली हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. आधीच गरम, त्यात विरळ. ती इंजिनाची उष्णता वाहून नेणार किती? १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं खरगपूरच्या परिसरात आली, तेव्हा उन्हाळ्यात त्यांची इंजिनं उड्डाणातच पेट घेत. तिथले वैमानिक जमीन सोडल्यावर लगेच चढत नसत. विमान खालीच ठेवून आधी वेग वाढवत, मग चढायला लागत. मला वाटतं, आजच्या बोलण्यातून एवढी एकच सवय उचललीत तरी तुमची निम्मी इंजिनं वाचतील.

आता क्रमाने सांगतो. आधी सिम्युलेटरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन इंजिनावरच्या ताणाने होणारं नुकसान चालू करा. ते बंद असेल तर काटा लाल रेषेपलीकडे गेला तरी काही बिघडत नाही, आणि मग शिकणं होत नाही. इंजिन सुरू करताना काऊल फ्लॅप, म्हणजे इंजिनाच्या आवरणामागच्या झडपा, पूर्ण उघड्या हव्यात. लवकर गरम व्हावं म्हणून काही जण त्या मिटतात. तसं कधीही करू नका. तेल थंडच राहतं आणि आत सिलिंडर असमान तापतात. विमान वाऱ्याकडे तोंड करून उभं करा. तेल ४० अंशांवर आणि सिलिंडरचा माथा १२० अंशांवर आला की जोर लावून तपासणी करा, पण ती आटोपशीर. जमिनीवर रेंगाळण्यात जितकी उष्णता साठते, तितकी चढताना महाग पडते.

उड्डाणाच्या वेळी झडपा थोड्याच उघड्या ठेवा. लिबरेटरमध्ये त्या फार उघडल्या तर हवेची ओढ वाढते, शेपूट थरथरते आणि वेग जातो. म्हणजे ज्यासाठी उघडल्या तेच हातचं जातं. इंधनमिश्रण श्रीमंत ठेवा, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. हे जादा पेट्रोल सिलिंडरमधली उष्णता घेऊन बाहेर पडतं. पेट्रोल वाचवायला चढतानाच मिश्रण पातळ केलंत, तर स्फोट अवेळी होऊन पिस्टन वितळू शकतो.

या इंजिनाच्या सिलिंडरमाथ्याची कमाल मर्यादा २६० अंश सेल्सिअस, तीही थोड्या वेळापुरती. सतत चालवायला २३२. पण काटा नेहमी उशिरा सांगतो. जाड धातू तापायला वेळ लागतो, आणि निवायलाही. म्हणून २२०ला पोचलेला काटा अजून चढतच असेल, तर २६० होण्याची वाट पाहू नका. पहिल्यांदा नाक खाली घ्या, ताशी दहा-पंधरा मैल वेग वाढू द्या. मग थ्रॉटल किंचित मागे. झडपा उघडणं शेवटी. नवीन खेळाडू नेमके उलट्या क्रमाने जातात.

चारही इंजिनं सारखी तापत नाहीत, चारही काटे स्वतंत्र बघा. एकच वर जात असेल तर त्याच इंजिनाचा जोर उतरवा.

उतरताना थ्रॉटल एकदम मागे ओढू नका. तापलेल्या सिलिंडरवर एकाएकी गार वारा बसला की धातू तडकतो. मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा, दाब मिनिटाला इंचभर उतरवत या, झडपा मिटून घ्या, आणि उतरायला वीस-पंचवीस मैल आधीच सुरुवात करा. पश्चिमेचा वारा असेल तर पूर्वेकडून, जालन्याच्या बाजूने सरळ येता येतं.

धावपट्टी सोडली की झडपा पुन्हा पूर्ण उघडा. इंजिनं काही मिनिटं मंद चालू द्या, माथे २०० अंशांच्या बरेच खाली आले की बंद करा, आणि सिलिंडर निवेपर्यंत झडपा तशाच उघड्या राहू द्या.